'रोहिणी' ग्लायडर, चौथ्या हिश्श्याचं मॉडेल, पंख ४.१४ मीटर: बांधायला घेतलंय, नाशिककरांनो मदत हवी

घिरट्या (१२ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. नऊ-दहा वर्षं झाली मी फोमची आणि बाल्साची रेडिओवरची विमानं उडवतोय, पण दोन मीटरच्या वर कधी गेलो नव्हतो. गणपतीनंतर एक मोठं काम काढलंय आणि ते एकट्याच्या आवाक्यातलं नाही हे पहिल्याच महिन्यात कळलं, म्हणून हा धागा.

विमान आहे रोहिणी. नवीन लोकांसाठी सांगतो, आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीच्या टेक्निकल सेंटरमध्ये एस. रामामृतम यांनी डिझाइन केलेलं हे शिकाऊ ग्लायडर, १९६१ च्या मे महिन्यात पहिल्यांदा उडालं. सगळा सांगाडा लाकडी, पंखाच्या पुढच्या कडेला प्लाय आणि मागे कापड, पंख डोक्याच्या वर आणि खालून दोन्ही बाजूंना एकेक तिरका स्ट्रट, म्हणजे पंखाला बॉडीशी बांधणारा दांडा. शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसतात. त्या खात्याने आपल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावं दिली, अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आणि पुढे एचएएलने बांधलेलं आर्द्रा, म्हणजे पंचांगातली ओळच आहे ती.

माझे बाबा १९७३-७४ साली पुण्यात नोकरीला होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी सायकलवर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचे आणि तिथे रोहिणीवर शिकले. एकट्याने उडण्याआधीच बदली झाली आणि ते राहिलं ते राहिलंच. घरी एक फोटो आहे, बाबा पंखाच्या टोकाला हात लावून उभे, मागे सपाट माळ. लहानपणापासून तो फोटो बघत आलोय. आता बाबांची नजर आणि गुडघे दोन्ही कुरकुर करायला लागलेत, त्यामुळे हे विमान येत्या उन्हाळ्यातच उडायला हवं. २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, त्याच्या आत.

आकार १:४ ठरवलाय. मूळ पंख १६.५६ मीटर, म्हणजे मॉडेलचा ४.१४. १:३ करायचं मनात होतं पण साडेपाच मीटरचं धूड आमच्या इंदिरानगरच्या जिन्यावरून उतरणार कसं, आणि एवढ्या मोठ्या विमानाला ओढायला टग, म्हणजे दोराने वर नेणारं इंजिनाचं मॉडेल, तोही तसाच दांडगा लागतो. खरं विमान दोन माणसांसकट पाचशे किलोच्या आतबाहेर. लांबी चौथा हिस्सा झाली की वजन चौसष्टावा हिस्सा व्हायला पाहिजे, म्हणजे साडेसात-आठ किलो. त्या वजनात राहिलं तर मॉडेलचा वेग खऱ्याच्या निम्मा होतो आणि ते आकाशात संथ दिसतं, जड झालं की मात्र कितीही सुंदर बांधलं तरी दगडासारखं पळतं.

थ्री-व्ह्यू ड्रॉइंग मिळालंय पण त्यात बारकावे नाहीत. मग बाबांच्या फोटोवरून मापं काढली, बाबांची उंची पाच फूट सात इंच, त्याच हिशोबाने कॉकपिटची कड, चाक, स्ट्रटची जाडी असं एकेक पट्टीने मोजत गेलो. तीन गोष्टी विचारायच्यात. स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीसाठी, सरळ रेषेचं हलकं लाकूड नाशकात कुठे आणि कोणतं घ्यावं? स्ट्रट नुसता दिसायला लावू की खरोखर भार घेणारा? आणि हे उडवायचं कुठे?

सुतारपक्षी

मस्त काम काढलंत भाऊ. माझं सातपूरला फर्निचरचं वर्कशॉप आहे म्हणून लाकडाचं सांगतो. सागाच्या नादी लागू नका, घनमीटरला साडेसहाशे किलोच्या घरात जातो तो, आणि जुन्या ग्लायडरांना वापरायचे तो स्प्रूस चारशेच्या थोडा वर. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे बाहेरून मशिनरी येते त्या खोक्यांचं पाईन. सातपूर-अंबडला ढिगाने मिळतं, फक्त शंभर फळ्यांतून पाच निवडाव्या लागतात. गाठ नको, डिंकाची पुडी नको, आणि रेषा फळीच्या कडेला समांतर पाहिजे. बांधायला टेबल काय घेतलंय? सात फुटी फ्लश डोअर आणा, त्याच्यासारखं सपाट आणि स्वस्त दुसरं काही नाही, खाली तीन ठिकाणी टेकू द्या नाहीतर मधे झोळ पडेल.

ओझरकर_निवृत्त

घिरट्या, तुमचा धागा दोनदा वाचला. मी विमानाच्या कारखान्यातच आयुष्य काढलं, आमचं काम धातूचं, पण भाराचा हिशोब लाकडालाही तोच लागतो.

स्ट्रट खरा करा. नुसता शोभेचा लावलात तर तो हवेत कंप पावेल, सांधे सैल होतील, आणि विनाकारण वजनही वाहाल. खरा केलात तर मात्र पूर्ण विचार करून करा. पंख वर उचलतो तेव्हा स्ट्रट त्याला खाली धरून ठेवतो, म्हणजे उडताना तो ताणात असतो. आता तुमच्या ड्रॉइंगवरून स्ट्रटचा कोन वीस अंशांच्या आसपास दिसतो, एवढ्या आडव्या स्ट्रटमध्ये ताण उभ्या भाराच्या जवळजवळ तिप्पट येतो. जोरात वर खेचलंत आणि त्या जागी पंखाने दहा किलो मागितले की स्ट्रटला आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांना तीस किलो सोसावे लागणार. आणि तेवढ्याच जोराने आतला पंख बुडाकडे दाबला जाणार, म्हणजे बुंध्याची रिब (पंखाला आकार देणारी आडवी पट्टी) आणि बॉडीतली फ्रेम त्या दाबाला पुरली पाहिजे, हे बरेच जण विसरतात.

दुसरं, उतरताना दणका बसला की पंख खाली लवतो आणि स्ट्रट दाबात येतो, तिथे बारीक सळई वाकते. म्हणून आत आठ मिलिमीटरची कार्बन नळी आणि बाहेरून लाकडाची माशाच्या आकाराची खोळ. एका टोकाला आटे ठेवा, लांबी जुळवता आली पाहिजे. जोडताना स्ट्रट ओढून-ताणून बसवावा लागला तर समजा लांबी चुकली, तो अलगद बसला पाहिजे.

जागेचं म्हणाल तर नाशिक सोपं नाही. ओझर, गांधीनगर, देवळालीचा तोफखान्याचा परिसर, सगळीकडे विचारपूर्वकच. ड्रोन नियम २०२१ मध्ये आपली मॉडेल विमानंही येतात, २५ किलोच्या आतलं, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा हवाई नकाशा उघडा, हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत चालतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच. लाल-पिवळ्यात जाऊच नका.

पुणे_टग

ग्रुनाऊ बेबी किंवा मिनिमोआ, ही जुनी जर्मन ग्लायडरं का नाही घेत? एडमंड श्नायडरची बेबी १९३१ ची, साडेतेरा मीटर पंख, हजारोंनी बनली, तिचे प्लॅन आणि किट जगभर मिळतात. मिनिमोआ तर १९३५ ची, सीगलसारखा मोडलेला पंख, आकाशात तिच्याइतकं देखणं काही दिसत नाही. रोहिणीचं सगळं स्वतः काढावं लागेल. बाकी तुम्ही बांधलंत तर ओढायला मी येतो, ५० सीसीचा टग आहे माझ्याकडे, आठ किलो सहज नेतो.

घिरट्या

@पुणे_टग, दोन्ही आवडतात, मिनिमोआचं पोस्टर तर भिंतीवर आहे. पण बेबी जगात हजार जणांनी बांधलीय, रोहिणी कोण बांधणार? आपल्या हवेत आपल्याच लोकांनी बनवलेलं, आपलीच पोरं ज्यावर शिकली ते विमान आपण नाही बांधलं तर कुणीच बांधणार नाही. टगचं लक्षात ठेवलंय हं, नक्की यायचं.

@ओझरकर काका, तुमचं उत्तर छापून टेबलासमोर चिकटवलंय.

आसारी_येवला

दादा मी पतंगवाला माणूस, संक्रांतीला तीन दिवस गच्चीवरून खाली येत नाही, विमानातलं कळत नाही फारसं. पण पुढच्या स्किडला (नाकाखालची घसरपट्टी) आणि शेपटीच्या गोल कडांना बाल्सा-बिल्सा कशाला, बांबू वापरा की. आमच्याकडे कामटी तासतात ती बांबूच्या बाहेरच्या सालीकडची, तिथे ताकद असते, आतला पांढरा भाग काढून टाकायचा. मेणबत्तीवर धरून हळू वाकवली की आकार घेते आणि सोडत नाही. गाठीची जागा मात्र बाकाला येऊ देऊ नका. लागली तर पाठवून देतो, तासून.

घिरट्या (१६ नोव्हेंबर)

अपडेट. रिबांचा आकार संगणकावर काढून अंबडला नावाच्या पाट्या लेझरवर कापणाऱ्याकडून कापून घेतल्या, दीड दिवसात सगळा पंख पिशवीत. लेझरने कड काळी पडते ती पॉलिश पेपरने पुसल्याशिवाय डिंक धरत नाही, माझ्या पहिल्या चार रिबा बोटाने उपटून आल्या तेव्हा कळलं.

टोकाकडे पंख अडीच अंश खाली पिळलाय, वेग कमी झाला तरी टोक आधी पडू नये म्हणून. ही पिळ बांधतानाच द्यावी लागते, मागच्या कडेखाली पाचरी लावून, नंतर डी-बॉक्सचा, म्हणजे पुढच्या कडेच्या पोकळ पेटीचा, प्लाय चिकटला की पंख आहे त्या आकारात कायमचा गोठतो. पुढच्या कडेचा ०.८ मिलिमीटरचा बर्च प्लाय गरम पाण्यात भिजवून पाईपवर रात्रभर बांधून ठेवला, सकाळी जवळजवळ वळलेलाच मिळाला. बाबा रोज संध्याकाळी येऊन खुर्ची टाकून बसतात. काल म्हणाले, शेजारी बसण्याचा फायदा हा की सरांचा हात दिसायचा, काठी किती थोडी हलवायची ते बघूनच कळायचं, बोलावं लागायचंच नाही.

घिरट्या (७ डिसेंबर)

आज वाईट बातमी आहे. डावा स्पार मोडला.

प्लाय लावायच्या आधी भार द्यायचा असं ओझरकर काकांनी फोनवर बजावलं होतं म्हणून गच्चीवर पंख उलटा करून बुंधा आणि स्ट्रट पक्के केले आणि अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशव्या रिबांवर ठेवत गेलो, बुंध्याकडे जास्त, टोकाकडे कमी. चार पट भाराला एका पंखाला साधारण तेरा किलो यायला हवे होते. साडेआठला लवलेला छान दिसत होता. नऊला पिशवी ठेवून हात काढला नाही तोच कडाक करून गेला, स्ट्रटच्या जागेच्या एक वीत बाहेर. दोन महिन्यांचं काम. मुलगी पळत वर आली तिला वाटलं मीच पडलो.

डिंकाचे सांधे सगळे शाबूत आहेत. लाकूडच गेलंय. फोटो टाकतोय, बघा आणि सांगा. फळी देणाऱ्याने रेषा सरळ असल्याची खात्री दिली होती आणि वरून मलाही सरळच वाटली होती.

सुतारपक्षी

फोटो मोठा करून बघितला. मोडलेली जागा लांब तिरकी निसटलीय बघा, सुरीने कापल्यासारखी. चांगलं लाकूड ताणाने तुटतं तेव्हा कुंच्यासारखे तंतू बाहेर येतात. तुमची रेषा वरच्या बाजूने सरळ आहे पण कडेच्या बाजूने तिरकी चाललीय, फळी कापतानाच ओंडक्यात तिरकी गेली असणार. वरून बघून कधीच कळत नाही.

यावर जुना उपाय आहे. शाईच्या पेनचा थेंब लाकडावर ठेवा, चारही बाजूंना. शाई तंतूच्या दिशेनेच पळते, दोन मिनिटांत बारीक रेघ दिसते. ती रेघ पंधरा सेंटिमीटरला एक सेंटिमीटरपेक्षा जास्त कलली की ती पट्टी स्पारला बाद, रिबांना वापरा. वर्कशॉपला या रविवारी, माझ्याकडे एका खोक्याच्या सहा फळ्या बाजूला ठेवल्यात, आपण बसून निवडू.

ओझरकर_निवृत्त

मन लहान करू नका. गच्चीवर मोडला म्हणजे चाचणीने आपलं काम केलं. विमानाच्या स्प्रूसलाही पंधराला एक हीच मर्यादा असते, सुतारपक्षींनी बरोबर सांगितलं.

जागाही समजून घ्या. स्ट्रट असलेल्या पंखात सगळ्यात जास्त वाकवणारा भार बुंध्यापाशी नसतो, स्ट्रटच्या जोडापाशी असतो. तुम्ही स्पारची पट्टी बुंध्याला जाड आणि पुढे बारीक करत गेलात, साध्या पंखाच्या सवयीने. स्ट्रटच्या दोन्ही बाजूंना तीस सेंटिमीटरपर्यंत पूर्ण जाडी ठेवा, नंतर उतरवा. आणि उजवा पंखही तपासा, तो मोडला नाही म्हणून तो चांगला असं नाही.

घिरट्या (५ जानेवारी)

रविवारी सातपूरला गेलो. सुतारपक्षींनी निळ्या शाईची दौत काढून ठेवली होती. सहा फळ्यांवर चारही बाजूंनी मिळून बहुधा पन्नास थेंब टाकले असतील. थेंब आधी गोल बसतो, मग त्याच्या एका टोकाला केसासारखी निळी रेघ फुटते आणि ती सरकत जाते, आणि तुम्ही श्वास रोखून बघत राहता की ही कडेला समांतर जातेय का वाकडी. सहातल्या दोन पास झाल्या. माझ्या मोडलेल्या स्पारच्या तुकड्यावरही टाकला, सातला एक निघाला. उजव्या पंखाचा नऊला एक. तोही काढला.

नवीन पट्ट्या १० बाय ५ च्या, स्ट्रटपाशी पूर्ण जाडी, वर-खाली एक मिलिमीटरची कार्बन पट्टी जोडीला. काल दोन्ही पंखांनी साडेतेरा किलो दहा मिनिटं धरले, टोक अकरा सेंटिमीटर लवलं आणि पिशव्या काढल्यावर जागेवर परत आलं. बाबा शेवटची पिशवी स्वतः ठेवायला पुढे आले होते.

माळटिटवी

धागा पहिल्यापासून वाचतेय, फार सुंदर काम चाललंय. मी पक्षी मोजणाऱ्यांपैकी आहे म्हणून एक विनंती करायला आले. डोंगराच्या वाऱ्यावर उडवायचा मोह होईल आणि कुणीतरी अंजनेरी सुचवेल. कृपा करून तिथे नको. ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे, कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचा विणीचा काळ. चार मीटरचं काहीतरी कड्याजवळून गेलं की घरट्यावरचा पक्षी उठतो, आणि पिल्लू उन्हात उघडं पडतं. ही गिधाडं आधीच मोजकी उरलीत.

माळावर उडवा ना, तिथे घारीच तुम्हाला वाट दाखवतील. एप्रिल-मे मध्ये उन्हाळी कांदा काढून झालेली वावरं साडेदहा-अकरापासून तापतात आणि शेजारी हिरवी द्राक्षबाग असेल तर दोन्हीच्या शिवेवरून हवा सुटते. पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली की तिच्या खाली जा. ती डावीकडे फिरत असेल तर तुम्हीही डावीकडेच फिरा, म्हणजे तिला त्रास होत नाही.

घिरट्या

ताई, अंजनेरीचं अगदी पक्कं, नाही जाणार. खरं सांगतो मनात ती जागा आली होती. सिन्नरच्या पलीकडे आमच्या मावसभावाचं कांद्याचं वावर आहे, नकाशावर हिरव्यात आहे, कडेला बागही आहे. तिथेच ठरवतो.

घिरट्या (२२ फेब्रुवारी)

शेपटी जड झाली. रडर (डावी-उजवीकडे वळणारं सुकाणू), फिन (उभी शेपटी), आडवी शेपटी सगळं मिळून ४१० ग्रॅम. रोहिणीचं नाक आखूड आणि शेपूट लांब, सीजीपासून, म्हणजे गुरुत्वमध्यापासून, शेपटी सव्वा मीटर मागे आणि नाकात शिसं ठेवायची जागा पस्तीस सेंटिमीटर पुढे. म्हणजे मागे एक ग्रॅम वाढला की पुढे साडेतीन ग्रॅम शिसं. दीड किलोच्या वर शिसं जाईल असं दिसतंय, एवढं वजन नुसतं वाहून न्यायचं हे मनाला पटत नाही.

आसारी_येवला

दादा मी ऑक्टोबरातच बोललो होतो. कडांना तुम्ही प्लायचे तीन थर लावलेत ना, ते काढा. पार्सल टाकतोय, कामट्या तासून तीन मिलिमीटरला आणल्यात, दोन एकमेकींना चिकटवून वाकवा, सालीची बाजू बाहेर.

घिरट्या (९ मार्च)

कामट्या आल्या. येवल्याच्या हाताला सलाम, लांबीभर जाडीत नखाचाही फरक नाही. रडरची आणि शेपटीची सगळी कड बांबूची केली, आतल्या रिबांना भोकं पाडली. ४१० वरून २९० ग्रॅम. मागचे १२० गेले म्हणजे पुढचे चारशेवीस शिशाचे गेले. बॅटरी आणि सर्व्हो (रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळे नाकात सरकवून आता शिसं ९०० ग्रॅमच्या जवळ.

कापडाचं थोडक्यात. मालेगावचं पातळ कोरं सुती कापड आधी रडरवर लावून बघितलं, जुन्या ग्लायडरांना सुतीच असायचं म्हणून. दिसायला अप्रतिम, पण दमट सकाळी ढिलं आणि दुपारी ताठ. पंखांना मग पॉलिस्टरचं अस्तराचं कापड घेतलं, इस्त्रीने ताणलं, वर रंगाच्या दुकानातला एनसी लॅकर पातळ करून चार हात, त्यात थोडं एरंडेल तेल घातलं म्हणजे तडकत नाही. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवून काम करा, वास डोक्यात जातो, आणि जवळ गॅस-काडी काही नको. रडर सुतीच ठेवलंय, बाबांना ते हाताला बरोबर लागलं.

ओझरकर_निवृत्त

सीजी पंखाच्या सरासरी रुंदीच्या तिसाव्या टक्क्यावर धरा पहिल्या उड्डाणाला. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) वर जास्त, खाली कमी, तीनास एक. लांब पंखाला खाली जाणारा एलेरॉन मागे ओढतो आणि नाक उलट्या बाजूला फिरतं, त्यामुळे वळणात रडर पाहिजेच. रेडिओत मिक्सिंग (दोन्ही आपोआप एकत्र हलवायची सोय) असलं तरी अंगठ्याला सवय लावा.

घिरट्या (१८ मे)

आज उडालं.

पहाटे सव्वापाचला इंदिरानगरहून निघालो, पंख दोन रजयांमध्ये गुंडाळून जीपच्या टपावर. तयार वजन ७ किलो ४००. पुणे_टग आदल्या रात्रीच येऊन सिन्नरला राहिले होते, सुतारपक्षी, आसारीदादा येवल्याहून, माळटिटवी ताई दुर्बीण घेऊन, ओझरकर काका घडीची खुर्ची आणि दोन टॉर्क स्क्रू ड्रायव्हर घेऊन. काकांनी प्रत्येक पिन स्वतः ओढून बघितली. वावर रात्रीच्या गारव्याने दबलेलं होतं, वारा नव्हता.

निघायच्या आधी बाबांनी खिशातून लाल लोकरीचा एक तुकडा काढला, आईच्या स्वेटरचा, आणि समोरच्या काचेवर मधोमध टेपने चिकटवला. खऱ्या रोहिणीला असा असायचा म्हणे. लोकर नाकाच्या सरळ रेषेत मागे उडत असली तर विमान हवेत सरळ चाललंय, कलली तर घसरतंय. हे मला माहीत होतं, पण मॉडेलला लावायचं सुचलं नव्हतं.

बाबांनी फोटोतल्यासारखं पंखाचं टोक धरलं, टगने दोर ताणला, बाबा चार पावलं चालले आणि हात सोडला. बारा-पंधरा मीटरमध्ये चाक जमिनीवरून सुटलं. टग अजून जमिनीवर होता आणि रोहिणी वर, मी तिचं नाक खाली दाबून धरलं. शंभर मीटरवर दोर सोडला आणि आवाज थांबला. ती जी शांतता झाली तिच्याबद्दल मला नीट लिहिता येत नाहीये. कापडातून सकाळचं ऊन आरपार येत होतं, सगळ्या रिबा एकेक मोजता येत होत्या, आणि वेग इतका संथ की मावसभाऊ म्हणाला ही थांबलीय का.

चार मिनिटं चाळीस सेकंद. डावा पंख सतत पडत होता, मी उजवा रडर धरून सांभाळत राहिलो. उतरताना स्किडने दोन मीटर माती उकरली, बांबूला ओरखडाही नाही.

नंतर टगच्या मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण लॅपटॉपवर बघत होतो. बाबा डोळे बारीक करून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. लाल लोकर उजवीकडे कललेली. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावा पाय." पन्नास वर्षांनी. खऱ्या ग्लायडरमध्ये रडर पायाने चालतं. मी म्हटलं बाबा, इथे पाय नाहीत, अंगठा आहे. तर म्हणाले, "तेच ते. पण तू उजवा का धरतोयस ते आधी शोध. पंख कुठेतरी वाकडा आहे."

घरी येऊन कोनमापक लावला. डावा पंख उजव्यापेक्षा ०.४ अंश कमी कोनात बसलाय. मागच्या पिनेचं भोक दीड मिलिमीटर वर पडलंय, डाव्या बाजूचं. सीजी, भार, शेपटी सगळं तपासलं आणि हे एक भोक राहिलं. बुश (पिन बसते ती नळी) काढून नव्याने बसवतोय.

ओझरकर_निवृत्त

अभिनंदन. बुश बसवताना दोन्ही पंख जोडून, कोनमापक दोन्हीकडे ठेवून मगच एपॉक्सी सोडा, एकटा पंख टेबलावर ठेवून नको. पाच मिनिटांचं वापरू नका, सावकाश सेट होणारं घ्या आणि पूर्ण चोवीस तास हात लावू नका. स्ट्रटही जोडलेला असू द्या त्या वेळी.

माळटिटवी

दहा वाजता आवराआवर चालली होती तेव्हा बागेच्या शिवेवर दोन घारी लागल्या होत्या, सांगायचं राहिलं. पुढच्या वेळी थोडं उशिरापर्यंत थांबूया का?

घिरट्या

थांबूया ताई. २४ तारखेला शनिवार आहे, @पुणे_टग येतो म्हणालेत. काका, तुम्ही सांगितलं तसंच केलंय, पंख स्ट्रटसकट दिवाणखान्यात जोडून ठेवलेत, दोन्हीकडे कोन सारखा, एपॉक्सी रात्री नऊला भरलं. घरात सगळे वाकून ये-जा करतायत. उद्या रात्री नऊनंतर क्लॅम्प काढतो.